उजवीकडून चालवायच्या देशात साइड चुकू नये म्हणून

व्हिएतनाममध्ये गाड्या उजवीकडून चालतात, ट्रॅफिकमध्ये असलो की काही वाटत नाही पण दा नांगहून हुएला जाताना हाय व्हान घाटात फोटोला थांबून परत निघालो की बाइक सवयीने डावीकडेच जाते आणि रस्ता रिकामा असेल तर कळतही नाही.

१. टाकीवर, नजर पडेल तिथे, कागदी टेपचा उजवीकडचा बाण चिकटवा. भाड्याच्या गाडीला हीच बरी, सहज निघते.
२. थांबलात तरी उजव्या कडेलाच, गाडीचं तोंड जायच्या दिशेला करून.
३. निघताना मागे बसलेल्या मित्राने मोठ्याने "उजवी" म्हणायचं, आपणही तेच म्हणायचं, मगच गिअर टाकायचा. हे सगळ्यात जास्त कामी येतं.

डावीकडे वळताना मात्र जपून, समोरून येणारं ट्रॅफिक ओलांडावं लागतं.