बदललेल्या वाड्याच्या आठवणी कशा नोंदवाव्यात

डिसेंबर १९६१ मधील लष्करी कारवाई दीड-दोन दिवसांत आटोपली आणि गोवा मुक्त झाला. पुढच्या काही दशकांत मात्र पूल, रस्ते, सरकारी वसाहती आणि बहुमजली इमारती यांनी इथल्या वाड्यांचे, म्हणजे गाव-शहरातल्या वस्त्यांचे, रूप पालटून टाकले. हे ज्यांनी आपल्या अंगणातून पाहिले, ती माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत, म्हणून त्यांच्या आठवणी नोंदवण्याचे काम पुढच्या वर्षावर ढकलू नये.

सुरुवातीला क्षेत्र लहान ठेवावे. अख्ख्या पणजीऐवजी तिथली मळा ही एकच वस्ती घ्यावी, त्यातही मारुतीच्या देवळाच्या पायऱ्यांपासून फोंते फिनिक्सच्या झरीपर्यंतचाच भाग. भेटीला जाण्याआधी कागद पाहून घ्यावेत: गावात एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा, शहरात सिटी सर्व्हेचा नकाशा, त्याहून जुन्या नोंदींसाठी पणजीचे पुराभिलेख खाते. पाटोवरील कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रे चाळावीत. ‘गोमन्तक’ १९६२ पासूनचा आहे.

प्रत्यक्ष मुलाखत सोप्यावर बसून घेतली, तर ‘पूर्वी सगळे किती छान होते’ याच्या पलीकडे बोलणे सहसा जात नाही. प्रकृती साथ देत असेल तर त्या व्यक्तीला सकाळच्या वेळी वाड्यातून फिरवावे, कारण आठवण जागेला चिकटलेली असते. पाण्याविषयी विचारावे: ‘पावस पडलो की उदक खंयमेरेन येतालें?’ (पाऊस पडला की पाणी कुठपर्यंत यायचे?) या एका प्रश्नातून बुजवलेले खाजन (खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन), मोडलेली मानस (खाडीचे पाणी आत-बाहेर सोडणारे दार), मिठागराचा बांध आणि आज तिथे उभी असलेली इमारत हे सारे एकामागून एक बाहेर येते. मग पदेर (पाववाला) कोणत्या वाटेने येई, खुरसाकडची लादाइन (क्रुसापाशी म्हटली जाणारी ख्रिस्ती प्रार्थना) कोणाच्या दारातून ऐकू येई, जत्रेची फेरी (बाजार) कुठे भरत असे, हे त्या-त्या वळणावर उभे राहूनच विचारावे.

साल थेट विचारू नये. लोकांना घटना आठवतात, म्हणून प्रत्येक बदल ठाऊक घटनेशी ताडून पाहावा: गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की नाही यावरचा १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल, १९७० मध्ये मांडवी पूल सुरू झाल्यावर पणजीसमोरच्या तीरावरील बेतीच्या फेरीबोटीवरचा कमी झालेला भार, ५ जुलै १९८६ रोजी त्याच पुलाचे कोसळणे, ३० मे १९८७ रोजी मिळालेला राज्याचा दर्जा. ‘पूल कोसळला त्या पावसाळ्यात ही विहीर होती का?’ असे विचारल्यावर उत्तर बहुधा नेमके येते.

भाटकार (जमीनमालक) आणि मुंडकार (त्याच्या जमिनीत घर करून राहणारा) यांच्याशी नेहमी वेगवेगळे बोलावे. १९७५ च्या मुंडकार कायद्यानंतरच्या आठवणी दोन्ही घरांत निरनिराळ्या आहेत आणि काही ठिकाणी त्या अजूनही दुखऱ्या आहेत. दोहोंचा मध्य काढून एकच हकिकत तयार करणे मला अन्यायाचे वाटते, म्हणून दोन्ही जशाच्या तशा, शेजारी-शेजारी ठेवाव्यात.

ध्वनिमुद्रण मोबाइलवर चालते. फोन घडी केलेल्या पंचावर ठेवावा, पंखा बंद करावा आणि आरंभी नाव, तारीख व स्थळ बोलून घ्यावे. अल्बममधील फोटो घरी नेऊ नयेत. ते व्हरांड्याच्या सावलीत, फ्लॅश न वापरता टिपावेत आणि डावीकडून उजवीकडे प्रत्येकाचे नाव तिथेच विचारून लिहावे. मागे दिसणारे घर, माड किंवा कुंपण यांचीही नोंद करावी, कारण आज फोटोतली ती पार्श्वभूमीच अधिक मोलाची ठरते.

लेखन करताना कोकणीतले बोलणे आधी कोकणीतच उतरवावे, मग मराठी करावी. तयार मजकूर मोठ्या अक्षरांत छापून त्या घरी वाचून दाखवावा आणि कोणता भाग बाहेर जाऊ नये, हे त्यांनाच ठरवू द्यावे. त्यांनी सुचवलेली दुरुस्ती वेगळ्या शाईने, तारखेसह समासात लिहावी. मूळ वाक्य मात्र खोडू नये.