हेडफोनवर मिक्सिंग: खोली एकच ठेवा

‘हेडफोनवर मिक्स (गाण्यातले सगळे आवाज एकमेकांत नीट बसवणं) होत नाही’ हे ऐकून कान किटले. रात्री अकरानंतर सोसायटीत स्पीकर लावून दाखवा म्हणावं. माझे बहुतेक मिक्स हेडफोनवरच होतात, स्पीकर सिम्युलेशनचं प्लगिन लावून, म्हणजे एखाद्या खोलीतल्या स्पीकरवर ऐकतोय असा भास हेडफोनमध्ये देणारं जोड-सॉफ्टवेअर. त्यात वेगवेगळ्या खोल्या निवडता येतात.

हेडफोन ओपन-बॅक (कपाची मागची बाजू उघडी असलेला) हवा. प्लगिनमध्ये त्याचं नेमकं मॉडेल निवडा. कॉम्प्युटरवर आधीच हेडफोनचा आवाज सुधारणारं दुसरं करेक्शन चालू असेल तर ते बंद करा. दोन एकावर एक चढले की सगळंच फसतं.

प्लगिन मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र होऊन बाहेर पडतात तिथे, टाकू नका. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी वेगळी जागा असते: रीपरमध्ये मॉनिटरिंग एफएक्स, क्यूबेसमध्ये कंट्रोल रूम, स्टुडिओ वनमध्ये लिसन बस आहे. तिथे टाकलं की ते फक्त तुम्हाला ऐकू येतं, रेंडरमध्ये (तयार होणाऱ्या फाइलमध्ये) उतरत नाही. मी एकदा मास्टरवर विसरलो. गायकाचा फोन: ‘‘दादा, हे बाथरूममध्ये गायलोय का मी?’’

आता खरी अडचण. प्लगिन चालू केलं की पहिल्यांदा गाणं वाईटच वाटतं. अरुंद, मळकट. खोलीत डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानालाही पोचतो. स्पीकर ३० अंशांवर असेल तर सुमारे पाव मिलिसेकंद उशिरा, आणि मध्ये डोकं येत असल्यामुळे ट्रेबल कमी होऊन. नुसत्या हेडफोनवर हे होतच नाही. प्लगिन ते घडवून आणतं, शिवाय खोलीचे पडसाद घालतं. मग माणूस घाबरून बायपास दाबतो (प्लगिन तात्पुरतं बंद करतो), पुन्हा चालू करतो, दुसरी खोली लावतो, मग कार, मग क्लब. सहा महिने मी हेच केलं आणि एकही मिक्स धड झाला नाही. कानाला एका खोलीची सवय व्हायच्या आत खोली बदलली, तर त्यापेक्षा प्लगिन नसलेलं बरं.

म्हणून जवळच्या लहान स्पीकरची एक साधी खोली निवडा आणि बाकीच्यांकडे महिनाभर बघू नका. रोज बसल्यावर तोंडपाठ असलेली तीन गाणी पंधरा-वीस मिनिटं त्याच खोलीत ऐका. काहीही हलवू नका. बायपास करून तुलना करायचीच असेल तर दोन्हीकडचा आवाज आधी सारखा करा, नाहीतर जे मोठं वाजतं तेच चांगलं वाटतं.

फरक कुठे कळतो? एका अभंगात टाळ पूर्ण डावीकडे होते. साध्या हेडफोनवर ते एका कानात टोचायचे म्हणून मी आत ओढले. स्पीकरवर टाळ आणि पखवाज एकाच खुर्चीत बसल्यासारखे झाले. सिम्युलेशनमध्ये तेच टाळ टोकाला ठेवूनही टोचत नाहीत.

बासवर मात्र भरवसा नको. छातीला धक्का बसत नाही, त्यामुळे पखवाजाची कणीक लावलेली बाजू हमखास जास्त वर जाते. ती त्या तीन गाण्यांपैकी एकाशी ताडूनच ठरवा.

रिव्हर्ब (गाण्याला दिलेला घुमारा) शेवटी, प्लगिन बंद करून. प्लगिन चालू असताना खोलीचे पडसाद आधीच कानात असतात, म्हणून हात आखडतो आणि गाणं कोरडं निघतं. ऐकणारे बरेच लोक इअरफोनवरच असतात, तेव्हा ही फेरी टाळू नका. त्यानंतर मोबाइलच्या स्पीकरवर एकदा, गाडीत एकदा.