मानेचा दावा दुसऱ्यांदा कसा मंजूर झाला

अमेरिकी सैन्यात पॅराशूट उड्या मारून मान गेली, पण माजी सैनिकांच्या सरकारी खात्याकडे (VA) केलेला माझा अपंगत्वाच्या भरपाईचा पहिला दावा नामंजूर झाला. एमआरआय होता, दुखणंही होतं. त्या दुखण्याचा सेवेशी संबंध दाखवणारा कागद मात्र नव्हता. अर्जात खरी कमतरता हीच होती.

मी सेवाकाळातल्या वैद्यकीय नोंदी मागवल्या. त्यात एका उडीनंतर मान आखडल्याची दोन ओळींची नोंद सापडली. ती डॉक्टरांना वाचायला दिली आणि त्यांच्याकडून कारणांसहित पत्र घेतलं: आजार सेवेतून उद्भवल्याची शक्यता निदान निम्मी तरी आहे. एवढी शक्यता पुरते. बरोबरच्या जवानानेही पाहिलेलं लिहून दिलं. मग नवा पुरावा जोडून पूरक दावा केला, तोही निकालापासून एका वर्षाच्या आत, म्हणजे लाभ ज्या तारखेपासून धरतात ती मूळ तारीख सहसा टिकते.

दाव्यासाठी होणाऱ्या तपासणीबद्दल मात्र नीट सांगतो. मान पुढे किती वाकते ते गोनिओमीटरने, म्हणजे कोन मोजायच्या साधनाने, मोजतात. सामान्य मान ४५ अंश वाकते. १५ च्या वर पण ३० पर्यंतच वाकली तर अपंगत्व २० टक्के धरतात, १५ किंवा कमी असेल तर ३० टक्के. पहिल्या वेळी मी दात-ओठ खाऊन मान वाकवली होती. सैनिकाची सवय! या वेळी दुखायला लागलं तिथेच थांबलो, तसं सांगितलं, आणि दुखणं उसळतं त्या दिवसांची वही पुढे ठेवली.

हातात मुंग्या येत असतील तर तेही सांगा, मित्रांनो. नसेच्या त्रासाचं मूल्यांकन वेगळं होतं.