टोकियोत सुमोच्या लढती प्रत्यक्ष कशा पाहाव्यात

सुमोची लढत बहुतेक वेळा काही सेकंदांत संपते. पुष्कळ पर्यटक दुपारी चारच्या सुमाराला येऊन बसतात, वीसेक लढती पाहतात आणि कोण कशामुळे हरलं हे धड न कळताच उठतात. खेळ अनोळखी असेल तर लवकर जावं. खालच्या गटांच्या लढती तासभर नीट पाहिल्या, की मोठे मल्ल रिंगणात येईपर्यंत डोळे तयार झालेले असतात. पुढची सगळी आखणी याच हिशोबाने केली आहे.

आधी तारखा, मग विमानाचं तिकीट

मुख्य स्पर्धा वर्षात 6 होतात, एकाआड एक महिन्याला. जानेवारी, मे आणि सप्टेंबरची स्पर्धा टोकियोत, ऱ्योगोकु भागातल्या कोकुगिकान या सभागृहात असते. मार्चची ओसाकाला, जुलैची नागोयाला आणि नोव्हेंबरची फुकुओकाला. प्रत्येक स्पर्धा रविवारी सुरू होऊन 15 दिवस चालते आणि रविवारीच संपते. एप्रिल किंवा ऑक्टोबरमध्ये टोकियोला गेलात, तर कोकुगिकानमध्ये मुख्य स्पर्धा सापडणार नाही. फसगत सगळ्यात जास्त इथेच होते.

तिकिटांची सर्वसाधारण विक्री स्पर्धेच्या साधारण महिनाभर आधी सुरू होते. सुमो संघटनेच्या अधिकृत तिकीट-संकेतस्थळावर खातं आदल्या दिवशीच उघडून ठेवा आणि विक्रीची वेळ जपानच्या घड्याळाप्रमाणे धरा. शनिवार-रविवार, पहिला दिवस आणि शेवटचे दोन-तीन दिवस आधी संपतात. पहिल्यांदाच जात असाल तर पहिल्या आठवड्यातला मंगळवार किंवा बुधवार पाहा. कोणत्याही दिवशी अव्वल गटातला प्रत्येक मल्ल एकदा लढतोच, त्यामुळे मधल्या वारी गेल्याने काही बुडत नाही.

जागा कुठली घ्यावी

रिंगणाला लागून असलेल्या जागा सगळ्यात महाग. तिथे खाणं-पिणं चालत नाही, फोटो काढता येत नाहीत, आणि दीडशे किलोचा मल्ल थेट अंगावर येऊ शकतो. ही नुसती धास्ती नाही, असं खरंच घडतं. लहान मुलांना तिथे सोडत नाहीत.

त्यामागे चौकोनी कप्पे असतात. चपला-बूट काढून गादीवर मांडी घालून बसायचं. कप्पा चौघांचा म्हणून विकला जातो, पण तो जेमतेम 1.3 मीटर लांब-रुंद असतो. चार धडधाकट माणसं, त्यांच्या पिशव्या आणि खाण्याचे डबे एवढं त्यात बसवताना गुडघे कुठे ठेवायचे हा प्रश्न पडतो. तिघांनी चौघांचा कप्पा घेतला तर निभावतं. सहसा पैसे पूर्ण कप्प्याचे पडतात.

दोघे असाल किंवा मांडी घालून फार वेळ बसवत नसेल, तर वरच्या मजल्यावरच्या खुर्च्या घ्या. दर कमी, पाय मोकळे आणि रिंगण वरून पूर्ण दिसतं. नवख्याला हीच जागा सगळ्यात सोयीची, असं आमचं स्पष्ट मत आहे. निवड असेल तर सभागृहाची मुख्य बाजू किंवा तिच्या बरोबर समोरची बाजू घ्या. मल्ल पूर्व आणि पश्चिम अशा दोन अंगांनी येतात. या दोन बाजूंवरून दोघेही कडेने दिसतात आणि धडक नीट कळते. पूर्वेला किंवा पश्चिमेला बसलात, तर बऱ्याचदा एकाची पाठच दिसत राहते.

दिवस कसा आखायचा

जेआर सोबू मार्गावरच्या ऱ्योगोकु स्थानकाच्या पश्चिम दारातून बाहेर पडलं, की दोन-तीन मिनिटांत कोकुगिकान येतं. मल्लांच्या नावांचे उंच रंगीत झेंडे दुरूनच दिसतात. प्रवेशद्वारावर त्या दिवसाच्या लढतींचा कागद मिळतो. इंग्रजीतला मागून घ्या, कारण आतल्या फलकावर नावं जपानी लिपीत असतात. फलकावर विजेत्याच्या नावाशेजारी दिवा लागतो. कागदावरच्या क्रमाशी तो जुळवत गेलात, की कोण जिंकलं ते लगेच सापडतं.

लढती सकाळीच सुरू होतात. एकूण 6 गट, आणि सगळ्यात खालच्या गटापासून वर चढत जातात. तुम्ही बारा-साडेबारापर्यंत पोचा. तेव्हा सभागृह अर्धंअधिक रिकामं असतं आणि लढती भराभर होतात. सुमारे सव्वादोनला ज्युर्यो या दुसऱ्या गटाचे मल्ल नक्षीदार झूल लावून रिंगणात येतात. माकुउची म्हणजे अव्वल गटाचं आगमन पावणेचारच्या आसपास. त्यानंतर योकोझुना, म्हणजे सर्वोच्च पदावरचा मल्ल, कमरेला जाड पांढरा दोर बांधून येतो. त्या दोराची मागची गाठ पाहा. एक फास असेल तर उन्ऱ्यू पद्धत, दोन असतील तर शिरानुई. माकुउचीच्या लढती चारनंतर सुरू होऊन सहाच्या आत आटोपतात. शेवटच्या रविवारी सगळं साधारण अर्धा तास आधी होतं, हे विसरू नका.

लढतीत काय बघायचं

रिंगणाचा व्यास 4.55 मीटर. भाताच्या पेंढ्याच्या वळकट्या मातीत पुरून ते आखलेलं असतं. चार दिशांना एकेक वळकटी किंचित बाहेर सरकवलेली असते. कडेला रेटला गेलेला मल्ल तिथे पाय रोवू शकला, तर त्याला किंचित जास्त जागा मिळते, आणि हरता हरता डाव उलटवणारे बरेचदा तिथेच दिसतात. रिंगणाबाहेरची बारीक वाळू झाडून सपाट केलेली असते. पाय बाहेर पडला का, हे तिच्यावरच्या ठशावरून ठरतं.

हार-जीत ठरवणाऱ्या गोष्टी दोनच. तळपायाखेरीज शरीराचा कुठलाही भाग जमिनीला टेकला, किंवा अंगाचा कोणताही भाग रिंगणाबाहेर मातीला लागला, की हार. पाठ टेकवावी लागत नाही. हाताचं एक बोट टेकलं तरी लढत संपते. वजनाचे गट नाहीत, त्यामुळे जोडीत पन्नास किलोंचा फरकही दिसतो. ठोसा मारणं, केस ओढणं, डोळ्यांत बोटं घालणं, गळा दाबणं यांना मनाई आहे. उघड्या तळव्याची थप्पड चालते.

जिंकण्याचे अधिकृत डाव 82 आहेत. पहिल्या दिवशी चार ओळखू आले तरी पुरे. प्रतिस्पर्ध्याच्या कमरेचा पट्टा धरून त्याला बाहेर चालवत नेणं म्हणजे योरिकिरी. पट्टा न धरता हातांनी ढकलून काढणं म्हणजे ओशिदाशी. पुढे झेपावणाऱ्याला बाजूला होत खाली दाबणं ते हाताकिकोमी. प्रतिस्पर्ध्याच्या हातावरून पट्टा धरून फेकणं ते उवातेनागे. खालच्या गटांच्या लढती पाहताना प्रत्येक वेळी एवढंच विचारा: पट्टा धरला की नाही? त्या एका प्रश्नाने निम्मा खेळ उलगडतो, कारण काही मल्ल पकडीवर जगतात, काही धक्क्यावर, आणि दोघांची झटापट मुख्यतः कुणाच्या पद्धतीने लढायचं यावरच होते.

आता लढतीआधीची मिनिटं. ज्युर्योपासून वरचे मल्ल मीठ उधळतात, 70 सेंटिमीटर अंतरावरच्या दोन पांढऱ्या रेघांमागे वाकतात, एकमेकांकडे रोखून बघतात आणि पुन्हा उठून कोपऱ्यात जातात. नवख्याला हा वेळकाढूपणा वाटतो. माकुउचीत या तयारीला 4 मिनिटं दिलेली असतात, ज्युर्योत 3. वेळ संपल्याची खूण टॉवेलवरून कळते. कोपऱ्यात मल्लाच्या हाती टॉवेल दिला जातो, तो काखा-चेहरा पुसतो आणि प्रेक्षकांचा आवाज एकदम चढतो. तो टॉवेल दिसला की फोन खाली ठेवा. पंच ‘सुरू करा’ असा इशारा देत नाही. दोघांचेही हात जमिनीला टेकले की त्याच क्षणी धडक होते. दोघांचे श्वास जुळले नाहीत तर सुरुवात पुन्हा. पहिल्या धडकेत कोण खालून घुसलं ते पकडायला शिका, कारण बहुतेक लढती तिथेच झुकतात.

निकाल वादग्रस्त वाटला तर काळ्या किमोनोतले पाच परीक्षक रिंगणात चढून चर्चा करतात. निर्णय कायम राहतो, फिरतो, किंवा लढत पुन्हा होते. ध्वनिक्षेपकावरची घोषणा कळली नाही तरी मल्ल पुन्हा रेघांपाशी येताना दिसले, की समजा लढत नव्याने होणार.

खाणं आणि वागणं

कोकुगिकानची यकितोरी, म्हणजे काडीवर भाजलेलं कोंबडीचं मांस, प्रसिद्ध आहे. ती थंडच खातात. कोंबडी दोन पायांवर उभी असते, हरलेल्या मल्लासारखे हात-पाय चारी टेकत नाही, म्हणून ती शुभ मानतात. शाकाहारी माणसाची मात्र पंचाईत होते. भाज्यांचा दिसणारा चांको हा रश्शाचा पदार्थसुद्धा बहुधा कोंबडीच्या किंवा माशाच्या अर्कात शिजवलेला असतो. आधी भरपेट जेवून जाणं उत्तम.

आवडलेल्या मल्लाचं नाव मोठ्याने पुकारायला हरकत नाही, तशी प्रथाच आहे. पण लढत चालू असताना उठून जाऊ नका. मागच्यांची लढत तेवढ्यात संपून जाते. फ्लॅश बंद ठेवा. योकोझुना एखाद्या खालच्या क्रमांकाच्या मल्लाकडून हरला, तर काही प्रेक्षक बसायच्या गाद्या भिरकावतात. त्याला बंदी आहे आणि लोकांना लागतंही, म्हणून त्यात सामील होऊ नका. मध्येच बाहेर पडायचं असेल तर पुन्हा आत घेतात का, ते दारावर आधी विचारा.

शेवटच्या लढतीनंतर लगेच उठू नका. एक मल्ल धनुष्य फिरवण्याचा विधी करतो, त्याने दिवस संपतो. तो पाहून निघालात की दारावरची आणि स्थानकावरची पहिली गर्दीही ओसरू लागलेली असते.

तिकीट नाहीच मिळालं तर

मल्लांच्या तालमींत सकाळचा सराव चालतो आणि काही तालमी पाहुण्यांना बसू देतात. आधी परवानगी घ्यावी लागते, बऱ्याच ठिकाणी जपानी बोलणारा माणूस सोबत असावा लागतो. आत गप्प बसायचं आणि तळपाय रिंगणाकडे करायचे नाहीत. स्पर्धा संपल्यानंतरचा आठवडा टाळा, तेव्हा मल्लांना सुट्टी असते. एप्रिल, ऑगस्ट, ऑक्टोबर आणि डिसेंबरमध्ये मल्ल गावोगावी प्रदर्शनी लढतींना जातात. तिथे गुण मोजले जात नाहीत, पण मल्ल खूप जवळून दिसतात.