एनएसीएचे जुने आकडे वापरताय? या चुका टाळा

प्रोजेक्टचा हंगाम आला की विद्यार्थी पंखांच्या मॉडेलचे आलेख घेऊन येतात. "सर, आमचं रीडिंग अहवालाशी जुळतच नाही." बहुतेकदा त्यांचा प्रयोग ठीक असतो, अहवाल घाईत वाचलेला असतो. अमेरिकी सरकारच्या एनएसीए या विमानविद्येच्या संस्थेने (१९१५ ते १९५८, पुढे नासा) केलेली मोजमापं आजही विश्वासाची आहेत. पण प्रत्येक आकडा ज्या विंड टनेलमधून (मॉडेलवर हवा सोडून चाचणी घ्यायचा बोगदा) आला, त्या टनेलसकटच तो घ्यावा लागतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो अहवाल ४६० आणि अहवाल ८२४ यांचे आकडे एकाच आलेखावर मांडल्याने. पहिला १९३३ चा, ७८ एअरफॉइलांचा, म्हणजे पंखाच्या छेदाच्या आकारांचा. तो एनएसीएच्या लँग्ली प्रयोगशाळेतल्या व्हेरिएबल डेन्सिटी टनेलमधला. तिथे हवा २० वातावरणांपर्यंत दाबायचे, त्यामुळे ५ इंच कॉर्डच्या (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या रुंदीच्या) चिमुकल्या पंखावरही रेनॉल्ड्स अंक (वेग, आकार, घनता आणि हवेचा चिकटपणा यांवरून निघणारा अंक) ३० लाखांपर्यंत जायचा. कल्पना अप्रतिम, पण त्या प्रवाहात खळबळ फार होती. खळबळीच्या हवेत सीमास्तर (पृष्ठभागालगतचा हवेचा पातळ थर) लवकर टर्ब्युलंट, म्हणजे खळबळीचा, होतो आणि पंख जणू अधिक रेनॉल्ड्स अंकावर असल्यासारखा वागतो. ही खळबळ ओळखायची रीत मला फार आवडते. गुळगुळीत गोळा प्रवाहात धरायचा आणि त्याचा ड्रॅग गुणांक (हवेच्या विरोधाचं माप) कोणत्या रेनॉल्ड्स अंकाला ०.३ वर उतरतो ते बघायचं. मोकळ्या आकाशात तो अंक सुमारे ३,८५,००० येतो. टनेलमध्ये त्याच्या जितका आधी उतरेल, तितकी खळबळ जास्त. यावरून त्या टनेलसाठी २.६४ हा गुणक ठरला, म्हणजे ३० लाखांवर मोजलेला पंख जवळपास ८० लाखांवर असल्यासारखा वागतो. १९४५ चा अहवाल ८२४ मात्र कमी खळबळीच्या दाब-टनेलमधला आहे, आणि त्यातले ३०, ६० नि ९० लाख हे गुणक न लावलेले, मोजलेले अंक आहेत. दोन्ही तक्त्यांत '३० लाख' दिसले म्हणून ते सारखे होत नाहीत.

दुसरा फरक याच दोन अहवालांत लपलेला आहे. ४६० मध्ये पंखाला दोन टोकं होती आणि लांबी कॉर्डच्या सहापट होती. अनंत लांबीच्या, म्हणजे टोकंच नसलेल्या, पंखाचे आकडे त्यावरून गणिताने काढले. ८२४ मध्ये मॉडेल एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत होतं. म्हणून गुणांकाचं इंग्रजी अक्षर मोठं (C) आहे की लहान (c) ते बघा. मोठं अक्षर पूर्ण पंखाचं, लहान अक्षर नुसत्या छेदाचं. तुमच्या मॉडेलला टोकं असतील तर लहान अक्षराच्या वक्राशी तुलना करून "लिफ्ट (वर उचलणारं बल) कमी आली" म्हणू नका. टोकांमुळे ती कमी यायलाच हवी.

८२४ मध्ये 'स्टँडर्ड रफनेस'चे, म्हणजे मुद्दाम खरबरीत केलेल्या पंखाचे, वक्रही आहेत. ते अनेक जण सोडून देतात. २४ इंची मॉडेलच्या पुढच्या ८ टक्के भागावर ०.०११ इंचाचे कार्बोरंडमचे (घासकामाच्या कठीण पदार्थाचे) कण विरळ चिकटवून ते काढले होते. लॅमिनार जातीच्या (ज्यांवर सीमास्तर बराच भाग शांत राहतो अशा) ६-मालिकेच्या एअरफॉइलांचा किमान ड्रॅग त्याने साधारण दुप्पट होतो. तुमचं मॉडेल थर्माकोल नि टेपचं असेल, तर गुळगुळीत वक्रावर आशा ठेवू नका. शिवाय १५ सेंटिमीटर कॉर्ड आणि सेकंदाला १० मीटर वेग म्हणजे रेनॉल्ड्स अंक जेमतेम १ लाख. तिथे हे दोन्ही वक्र लागू पडत नाहीत. कमी रेनॉल्ड्स अंकाची वेगळी मोजमापं शोधा.

एकक. जुन्या अहवालांच्या चिन्हसूचीत हवेची घनता ०.१२४९७ दिसते आणि मुलं दशांशचिन्ह चुकलं असं समजून ते सरकवतात. तसं करू नका. तिथला किलोग्रॅम वजनाचा आहे, वस्तुमानाचा नाही. ९.८०६६५ ने गुणा, १.२२५५ किलोग्रॅम प्रति घनमीटर मिळेल.

आणि हा १.२२५५ पुण्यात वापरू नका! समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर, ३० अंशांना, हवेची घनता १.०९ च्या आसपास असते. वेग फिरत्या पात्यांच्या ॲनिमोमीटरने मोजलात आणि घनता पुस्तकातली घेतलीत, तर लिफ्ट गुणांक सुमारे ११ टक्के कमी येईल. पिटोट नळीने (प्रवाहात धरायची दाब टिपणारी नळी) गतिज दाब, म्हणजे हवेच्या वेगामुळे येणारा दाब, थेट मोजलात तर ही चूक गुणांकात शिरतच नाही. पण मॅनोमीटर (द्रवाच्या उंचीवरून दाब दाखवणारी नळी) नीट वाचा. सेकंदाला २० मीटर वेगाला जेमतेम २२ मिलिमीटर पाणी चढतं. एक मिलिमीटर चुकलात की गुणांक साडेचार टक्क्यांनी हलला. मॅनोमीटरमध्ये अल्कोहोल असेल तर त्याची घनता धरायला विसरू नका.

शेवटी, संदर्भ देताना अहवालाचं पहिलं पान उघडा. 'टेक्निकल मेमोरँडम' म्हणजे बहुधा परदेशी लेखाचं भाषांतर. ते एनएसीएचं संशोधन म्हणून देऊ नका. एनएसीएचा क्रमांक असला तरी काम लँग्लीचंच असतं असंही नाही. सीमास्तरातल्या लाटा पहिल्यांदा स्पष्ट दाखवणारा शुबाउअर आणि स्क्रॅमस्टॅड यांचा अहवाल ९०९ वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सचा आहे. १९५३ चा अहवाल ११२१ कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या संस्थेचा. सपाट पाटाचा छोटा तुकडा सुटा ठेवून त्यावरचं हवेचं घर्षण त्यात थेट मोजलं आहे, आणि लेखक आहेत पुढे इस्रोचे अध्यक्ष झालेले सतीश धवन.