तुळशीच्या लग्नानंतर कुंड्या का सुकतात? या चुका टाळा

साताऱ्यात पहाटे स्वेटर निघाले तरी झारीचा हात अजून ऑक्टोबर हीटमध्येच असतो. पानं पिवळी पडली की आपण म्हणतो, थंडी बाधली. इथल्या थंडीनं मनीप्लांट सहसा मरत नाही. बहुतेक वेळा तो पाण्यानं मरतो.

गंमत अशी की पाणी जास्त झालं तरी झाड मान टाकतं आणि कमी पडलं तरी टाकतं. मान टाकलेली दिसली की आपण अजून एक तांब्या ओततो. त्याआधी मातीत दोन पेरं बोट घाला. आत ओल लागली आणि खालची पानं पिवळी, मऊ झाली असतील, तर मुळं कुजायला लागलीत. पाणी थांबवा, कुंडीखालची ताटली रिकामी करा. माती कोरडी आणि पानांची टोकं कुरकुरीत असतील तरच पाणी द्या. स्नेक प्लांटला तर दोन-तीन आठवडे विसरलात तरी चालतं.

माझी बहीण सांगलीची. तिनं मळ्यातली काळी माती तशीच कुंडीत भरली होती. वरून भेगा, आत चिखल! उसाला सोन्यासारखी असलेली ती माती कुंडीत गळा दाबते. निम्मी माती, बाकी शेणखत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि थोडी वाळू घातल्यावर तिची झाडं सावरली.

गच्चीवरच्या पालेभाज्यांना संध्याकाळी पाणी घालू नका. पानं रात्रभर ओली राहिली की रोग धरतात. सकाळी, तेही बुडाशी घाला. मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, दिसला तर लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि साबणाचे चार थेंब मिसळून, ऊन चढायच्या आत पानांच्या खालच्या बाजूला फवारा.

मेथी तीन-चार दिवसांत वर येते, म्हणून कोथिंबिरीकडूनही तीच अपेक्षा ठेवून लोक पाचव्या दिवशी माती उकरून बघतात. धने रगडून दोन डाळी करून पेरले तरी आठ-दहा दिवस लागतात. पालक उपटू नका, दोन बोटं बूड ठेवून कापा, पुन्हा फुटतो.

कढीपत्ता थंडीत पानं गाळतो, नवी फूट थांबते. त्याला आता खत देऊन उठवू नका, फेब्रुवारीत द्या.

आणि तुळस? लग्नात पणती अगदी बुंध्याशी ठेवली होती ना? मग त्या बाजूची करपलेली पानं रोग नाही. पणती जरा लांब ठेवा, मंजिऱ्या खुडा.