एमएमएफ समजत नसेल तर हे एक गणित करून बघा

एमएमएफ म्हणजे मॅग्नेटोमोटिव्ह फोर्स, कॉइल लोखंडात चुंबकत्व किती रेटते त्याचं माप, पण त्यातला फोर्स आधी डोक्यातून काढा, तो न्यूटनमध्ये मोजतच नाहीत, नुसतं वेढे गुणिले करंट, युनिट अँपिअर-टर्न. 500 वेढ्यांतून 1 अँपिअर काय न 100 वेढ्यांतून 5 अँपिअर काय, दोन्हीकडे 500च, कोरला (ज्या लोखंडावर कॉइल गुंडाळतात त्याला) काही फरक पडत नाही. एका कोरवर दोन कॉइल असतील तर आधी दिशा बघा, उलट्या असतील तर वजाबाकी. हमखास चूक इथेच होते.

सूत्र ओहमच्या नियमासारखंच आहे. फ्लक्स (कोरमधून जाणारा एकूण चुंबकीय प्रवाह, युनिट वेबर) म्हणजे एमएमएफ भागिले रिलक्टन्स (त्या फ्लक्सला होणारा अडथळा), आणि रिलक्टन्स काढायचा तर लांबीला म्यू (पदार्थ फ्लक्सला किती सहज जाऊ देतो तो आकडा) गुणिले क्षेत्रफळाने भागा (सगळं मीटरमध्ये करा, 4 चौरस सेंमी म्हणजे 0.0004 चौरस मीटर).

आता समजा चौकोनी कोर आहे, फ्लक्सचा रस्ता 40 सेंमी, छेदाचं क्षेत्रफळ 4 चौरस सेंमी, म्यू-आर 2000 (म्हणजे म्यू निर्वाताच्या 2000 पट). रिलक्टन्स येतो साधारण 4 लाख. आता त्यात फक्त 1 मिमीची एअर गॅप कापा. हवेचा म्यू-आर 1 धरायचा, म्हणून त्या एवढ्याशा फटीचा रिलक्टन्स जवळपास 20 लाख! म्हणजे अख्ख्या लोखंडाच्या पाचपट. 1 टेस्ला (चौरस मीटरला 1 वेबर फ्लक्स) हवा असेल तर फ्लक्स 0.0004 वेबर, मग लोखंडाला 160 अँपिअर-टर्न आणि गॅपला 800. 500 वेढे असतील तर गॅपशिवाय 0.32 अँपिअरमध्ये काम होतं, गॅप आली की 1.92 लागतो.

अजून पटत नसेल तर तोच कोर दोन यू तुकड्यांचा आहे असं धरा आणि दोन्ही सांध्यांत साधा कागद घाला, जाडी 0.1 मिमी धरा, दोन कागदांचा मिळून रिलक्टन्स 4 लाख, म्हणजे त्याच करंटला फ्लक्स सरळ निम्मा. सांधे नीट घासून घट्ट का बसवतात ते इथे कळतं.

फक्त ओहमची उपमा फार ताणू नका, रेझिस्टन्समध्ये पॉवर जळते तशी रिलक्टन्समध्ये जळत नाही, आणि लोखंडाचा म्यू कायम एकच राहत नाही. त्यामुळे उत्तरात दीड-दोन टेस्लाच्या वर आकडा आला तर कोर सॅच्युरेट झालाय (आणखी फ्लक्स सहज घेत नाही) समजा आणि सरळ बी-एच कर्व्ह (त्या लोखंडाचा चुंबकीय आलेख) उघडा, हे 2000 वालं गणित तिथे चालत नाही.